आगमनकाळ आणि एका कैद्याची पत्रे

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा त्यांच्या दारावर आकाशकंदील लागलेला असेल, आणि घरात चकलीच्या भाजणीचा वास असेल. अशा वेळी मी ज्या दिवसांविषयी लिहायला बसलो आहे, ते दिवस आपला कंदील उतरवून पुन्हा माळ्यावर गेल्यानंतर सुरू होतात. तरीही लिहितो आहे, कारण गेली दोन वर्षे एक पुस्तक माझ्या उशाशी आहे आणि त्याच्याविषयी कोणाशी तरी बोलल्यावाचून माझे चित्त ठिकाणावर येणार नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत चित्रकला शिकवू लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा पुढे जे समीक्षेसारखे दिसेल ते एका चित्रकला मास्तराने केलेले वाचन आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

नोकरीची पहिली नऊ वर्षे मी वसईकडे काढली. तिथे माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी माझे जाणे-येणे असे. एका डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बाजारातून कागदाचा एक सुरेख तारा विकत घेतला, आतला बल्ब वगैरे सगळा सरंजाम जुळवला, आणि मोठ्या हौसेने त्यांच्या ओट्यावर चढून तो टांगू लागलो. मित्राची आई आतून आली. त्या वेळी त्या सत्तरीच्या असतील. त्यांनी ताऱ्याचे कौतुक केले, मला चहा दिला, आणि तारा काढून खोक्यात घालून ठेवला. म्हणाल्या, "मास्तर, चोवीसच्या रात्री लावू. अजून यायचाय तो."

शेजारच्या सगळ्या घरांवर तारे झगमगत होते. मित्र मला म्हणाला, "आमची म्हातारी जुन्या वळणाची आहे. आता कोणी एवढे पाळत नाही." पण त्या तीन आठवड्यांत ते घर काळोखे राहिले, आणि त्या काळोखाची त्या बाईंना जराही लाज वाटली नाही, हे माझ्या मनात राहून गेले.

नाताळच्या आधीचे चार रविवार ज्या काळात येतात त्याला ख्रिस्ती लोक ॲडव्हेंट म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘येणे’ असा. मराठी प्रार्थनेत त्याला ‘आगमनकाळ’ हा नेटका शब्द रूढ झाला आहे. ३० नोव्हेंबरच्या जवळात जवळचा रविवार हा त्यातला पहिला. देवळात धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात. एरवी रविवारी गायचे आनंदाचे स्तोत्र या दिवसांत वगळतात. तिसऱ्या रविवारी तेवढी गुलाबी वस्त्रे चालतात, जणू काही वाट पाहणाऱ्याला मध्येच एकदा पाणी पाजावे. म्हणजे सण अजून आलेला नाही. तो येणार आहे, एवढेच साजरे करायचे. आपल्याकडे सणाची तयारी असते, पण तयारीच्या दिवसांना स्वतःचे नाव आणि स्वतःचा रंग दिलेला फारसा आढळत नाही. निदान मला तरी आठवत नाही.

आता आशा या शब्दाविषयी. या शब्दाशी माझे फारसे जमत नाही. मी ज्या शाळेत होतो ती विनाअनुदानित होती. दर वर्षी जून महिन्यात आम्हाला सांगण्यात येई, की या अधिवेशनात नक्की होईल. नागपूरचे अधिवेशन झाले की मुंबईच्या अधिवेशनात नक्की. आम्ही रविवारी पाट्या रंगवून, लग्नाच्या पत्रिकांवर गणपती काढून घर चालवीत होतो. ज्यांना पगार वेळेवर मिळत असे तेच आम्हाला ‘आशा सोडू नका’ असे सांगत. तेव्हापासून कोणी आशेवर बोलू लागले की माझे लक्ष आधी त्याच्या चपलांकडे जाते.

आणि तरी मीच एक दिवस तोच अपराध केला. माझ्या दुसऱ्या कादंबरीत घर सोडून गेलेला एक मुलगा आहे. दोनशे पाने त्याची आई वाट पाहते. शेवटच्या प्रकरणात, पावसाच्या रात्री, मी त्याला परत आणला. प्रकाशकांना ते फार आवडले. मलाही, खोटे कशाला बोलू, ते लिहिताना रडू आले होते. पुस्तक आल्यावर चारएक महिन्यांनी एका वाचक बाईंचे पत्र आले. त्यांचाही मुलगा असाच गेलेला होता, आणि आला नव्हता. त्यांनी रागावून काही लिहिले नव्हते. पुस्तक आवडले म्हणून लिहिले होते, आणि अखेरीस एकच विचारले होते: तुमचा मुलगा आला, बरे झाले, पण तो इतक्या लवकर कसा आला? दोनशे पानांच्या वाट पाहण्याला त्या लवकर म्हणत होत्या. मी त्या पत्राचे उत्तर देऊ शकलो नाही.

हे पत्र मी वसईच्या मित्राला दाखवले. त्याने उत्तरादाखल एक इंग्रजी पुस्तक धाडले. जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर याने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांचे ते भाषांतर होते. शब्दकोश शेजारी ठेवून मला ते वाचायला पाच महिने लागले.

हा माणूस १९०६ साली जन्मला. वडील बर्लिनमधले नामांकित मनोविकारतज्ज्ञ, घर सुखवस्तू, घरात सगळ्यांना संगीताची आवड. हिटलर १९३३ साली सत्तेवर आल्यापासून जर्मनीतले जे थोडे धर्मोपदेशक त्याच्याविरुद्ध उभे राहिले त्यांत हा एक होता. पुढे हिटलरला उलथून टाकण्याच्या कटाशी त्याचा संबंध आला. ५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली आणि बर्लिनमधल्या टेगेलच्या लष्करी तुरुंगात ठेवण्यात आले. बाकीची हकीकत पुष्कळ ठिकाणी छापलेली आहे, ती मी इथे सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या लिहिण्याविषयी. आगमनकाळ हा त्याच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारा विषय आहे. आणि एकाच माणसाने एकाच विषयावर पंधरा वर्षांत तीनदा काय लिहिले हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे माझ्या वाचक बाईंच्या प्रश्नाला काहीतरी वाट फुटते असे मला वाटते.

पहिले लेखन १९२८ सालच्या डिसेंबरातले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि स्पेनमधल्या बार्सिलोना शहरी तिथल्या जर्मन मंडळींचा सहायक धर्मोपदेशक होता. त्या रविवारचे प्रवचन उपलब्ध आहे. विषय असा की, वाट पाहणे ही एक कला आहे आणि आपल्या उतावळ्या काळाला ती येईनाशी झाली आहे. प्रवचन चांगले आहे. त्यात दार ठोठावत उभ्या असलेल्या ख्रिस्ताचे बायबलमधले चित्र आहे, आणि तो फाटक्या कपड्यांतल्या भिकाऱ्याच्या रूपाने दारात येतो हा विचार आहे. मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपल्या पंढरीला तर देवच विटेवर तिष्ठत आहे, आणि भक्त आईबापांच्या सेवेत गुंतला आहे म्हणून तो बिचारा युगे मोजतो आहे. भक्त आणि देव दोघेही वाट पाहतात, कोण कोणाची हे सांगता येत नाही, ही गोष्ट या तरुणाच्या ध्यानात आली होती. पण वाचताना मला माझ्या वर्गातला हुशार मुलगा आठवला. त्याची रेघ कुठेही चुकत नाही, आणि कुठे थरथरतही नाही. ज्याने अजून कोणाची खरी वाट पाहिली नाही त्याने वाट पाहण्याविषयी लिहिलेले ते प्रवचन आहे.

दुसरे १९३३ च्या डिसेंबरातले. हिटलरला सत्तेवर येऊन दहा महिने झाले होते आणि बोनहोफर लंडनमध्ये तिथल्या जर्मन मंडळींची सेवा करीत होता. या प्रवचनात त्याने एक दृष्टान्त घेतला आहे. कोळशाची खाण ढासळली आहे. आत एक माणूस अडकला आहे. सोबतचे गेले, वाटा बुजल्या, अंधार आहे. आणि मग फार लांबून ठोकल्याचा आवाज येतो. कोणीतरी खणत इकडे येते आहे. आगमनकाळ म्हणजे तो आवाज ऐकणे.

कादंबरीकार म्हणून मी या दृष्टान्ताला सलाम करतो. वाचताना मी खरोखरच कान टवकारले. अडकलेल्याने काही करायचे नाही, करता येत नाही, पण त्याचे सगळे अंग त्या एका आवाजाकडे वळले आहे. वाट पाहण्याचे असे शरीराला जाणवणारे वर्णन मी फार थोडे वाचले आहे. तरीसुद्धा दुसऱ्या वाचनात मला त्यातला एक कच्चा दुवा दिसला. ही गोष्ट सांगणारा स्वतः खाणीबाहेर आहे. आवाज करणारे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो आवाज ऐकू आणतो. ज्या खाणीत आवाज येतच नाही, तिचे काय? माझ्या वाचक बाईंच्या घरात गेली कित्येक वर्षे कोणताही ठोका ऐकू आलेला नाही.

आता तिसरे. २१ नोव्हेंबर १९४३. आगमनकाळाला एक आठवडा आहे. टेगेलची ९२ नंबरची कोठडी. तुरुंगातली रीतसर पत्रे सेन्सॉरकडून जात, पण एबरहार्ड बेथगे या आपल्या मित्राला आणि शिष्याला लिहिलेली पत्रे तो पहारेकऱ्यांच्या मदतीने चोरून बाहेर धाडीत असे. त्या दिवशीच्या पत्रात त्याने ओघाओघात लिहिले आहे की, तुरुंगातली कोठडी ही आगमनकाळाची बरी उपमा होईल. माणूस इथे वाट पाहतो, आशा करतो, हे कर ते कर असे काहीबाही करतो. त्या करण्याला फारसा अर्थ नसतो, कारण दार बंद आहे आणि ते उघडायचे तर बाहेरूनच उघडेल. बस्स, एवढेच. पुढे तो दुसऱ्याच गोष्टींकडे वळतो.

या तीन-चार ओळींवर मी बरेच दिवस थांबलो होतो. दहा वर्षांपूर्वीचा दृष्टान्त आणि हा दृष्टान्त एकाच माणसाचे, मांडणीही तीच. आत अडकलेला माणूस, बाहेरून होणारी सुटका. पण मधला तो आवाज गेला. खाणीतल्या माणसाला ठोके ऐकू येत होते. कोठडीतल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. त्या आवाजाच्या जागी काय आले? काहीबाही करणे आले. बिनमहत्त्वाची कामे आली. उपमा स्वतःच्या अंगावर आल्यावर या लेखकाने तिच्यातली सर्वांत परिणामकारक गोष्ट मुकाट्याने काढून टाकली. लेखकाचा प्रामाणिकपणा कुठे दिसतो असे कोणी मला विचारले, तर मी या गाळलेल्या आवाजाकडे बोट दाखवीन.

ही बिनमहत्त्वाची कामे कसली, ते पुढच्या रविवारच्या पत्रांत दिसते. २८ नोव्हेंबर हा त्या वर्षीचा आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या आठवड्यात बर्लिनवर इंग्रजांचे मोठे हवाई हल्ले झाले होते. तुरुंगापासून पंचवीस मीटरवर एक बाँब पडला, आजाऱ्यांच्या दालनाच्या काचा फुटल्या, दिवे गेले, आणि कोठड्यांत कोंडलेली माणसे मदतीसाठी किंचाळत राहिली. हे तो लिहितो. आणि त्याच पत्रात लिहितो की, रविवारी सकाळी मी एकट्यानेच माझी उपासना केली, आगमनकाळाचे पानांचे कडे भिंतीतल्या खिळ्याला टांगले, त्याच्या मधोमध लिप्पी या इटालियन चित्रकाराचे ख्रिस्तजन्माचे चित्र लावले, आणि न्याहारीला तू दिलेले शहामृगाचे दुसरे अंडे खाल्ले. शहामृगाचे अंडे! युद्धाच्या ऐन धुमाळीत ते कुठून आले असेल याचा मी बराच वेळ विचार करीत बसलो होतो. वाचकांनीही थोडा करावा.

या कड्याची हकीकत शिक्षकाने सांगितलीच पाहिजे अशी आहे. १८३९ साली हांबुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक अनाथ आणि दरिद्री मुलांसाठी एक आश्रम चालवीत. नाताळ किती दिवसांवर आला, म्हणून मुले रोज त्यांचे डोके खात. शेवटी त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक लावायची. त्यातूनच पुढे हिरव्या पानांचे आणि चार मेणबत्त्यांचे कडे घरोघर रूढ झाले. म्हणजे मुळात ते मुलांना दिवस मोजायला शिकवण्याचे साधन होते. आमच्या पहिलीच्या बाई मण्यांच्या पाटीवर हेच करतात.

त्याच रविवारी आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने दुसऱ्या एका चित्राची आठवण काढली आहे. आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर या जर्मन चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्तजन्माचे चित्र काढले, त्यातले ते कुटुंब एका पडक्या घराच्या ढिगाऱ्यात बसलेले आहे. बोनहोफरचे म्हणणे असे की यंदा हे चित्र फारच प्रसंगोचित ठरले आहे. बर्लिनमधली पुष्कळ घरे त्या चित्रासारखी झाली होती, तेव्हा हे सांगायला त्याला विशेष शब्द लागले नाहीत.

चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे मी त्या चित्राची प्रत मिळवून वर्गात भिंतीला लावली. मुलांना त्यात आधी माणसे सापडेनात. विटांच्या ढासळलेल्या भिंती, उघडी पडलेली लाकडे आणि रात्र यांनीच सगळा कागद व्यापला आहे. आई, बाप आणि मूल अगदी लहान काढले आहेत. एका मुलीने विचारले, "सर, त्यांना दुरुस्त घर का नाही दिले?" चित्रकाराला घर नीट काढता येत नव्हते असे तर नाही, त्या विटांची तुळई त्याने किती मन लावून रंगवली आहे ते पाहावे. जन्म झाल्यावरही त्याने ते घर पडकेच ठेवले. मला माझ्या कादंबरीतला शेवटचा पाऊस आठवला. मुलगा दारात आला त्या रात्री मी त्या घराचे गळके छपरही शाकारून टाकले होते. खरोखर टाकले होते. पुस्तक काढून पाहिले तर तसे वाक्यच आहे.

या पत्रसंग्रहातले सगळेच मला आवडले असे नाही. काही पत्रांत तो मित्राला लिहिता लिहिता व्यासपीठावर चढतो. तुरुंगात त्याने एक नाटक आणि एक कादंबरी लिहायला घेतली होती. दोन्ही अर्धवट राहिली. ती मी मुद्दाम मिळवून वाचली. व्यवसायबंधू म्हणून सांगतो, ती फसलेली आहेत. त्यातली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना प्रवचने देतात. जे त्याला पात्रांच्या तोंडून साधले नाही ते कांदे, सिगारेटी, पुस्तके आणि अंतर्वस्त्रे यांच्या याद्यांनी भरलेल्या पत्रांतून साधले. हे पाहून मला, एक कादंबरीकार म्हणून, थोडे वाईटही वाटले.

पण एका पत्रासाठी मी त्याला सगळे माफ करीन. ते १९४४ च्या जानेवारीअखेरचे आहे. पुन्हा मोठा हल्ला झाला होता. सगळे जमिनीवर पालथे पडले होते. शेजारी पडलेला एक कैदी, एरवी मोठा चेष्टेखोर, ‘देवा, देवा’ असे पुटपुटू लागला. बोनहोफर हा धर्मोपदेशक. धीर देणे हाच त्याचा धंदा. तो लिहितो की त्या माणसाला धर्माचे चार शब्द सांगायला माझी जीभ रेटेना. मी घड्याळात पाहिले आणि त्याला सांगितले, की आता दहा मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही. आपण असे का केले याचाही त्याने विचार केला आहे. कोणी हतबल असताना त्या क्षणाचा फायदा घेऊन त्याच्या गळी धर्म उतरवू नये, असे कदाचित वाटले असेल, असे तो म्हणतो; आणि क्रुसावर येशूनेही शेजारच्या दोन चोरांना उपदेश केला नव्हता, त्यातला एक आपणहून त्याच्याकडे वळला, याची आठवण देतो.

आशेविषयी मी आजवर जे वाचले त्यात हे घड्याळ मला सर्वांत खरे वाटले. ‘सगळे ठीक होईल’ असे तो म्हणाला नाही. ते त्याला ठाऊक नव्हते. ‘दहा मिनिटे’ हे त्याला, पूर्वीच्या हल्ल्यांच्या अनुभवावरून, ठाऊक होते. जेवढे आपल्याजवळ आहे तेवढेच त्याने दिले, आणि ते दिलेच. आमच्या शाळेत दर जून महिन्यात येणाऱ्या त्या साहेबांनी जर म्हटले असते, की अनुदानाचे मला सांगता येत नाही, पण या महिन्याच्या खडूंचे पैसे आज देतो, तर मी त्यांचे पाय धरले असते.

मराठीतही या वाट पाहण्याचा एक मोठा ग्रंथ आहे, तो आपण शाळेत मराठी भाषेच्या स्तुतीपुरता शिकतो आणि सोडून देतो. विल्टशायरमध्ये जन्मलेले फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टी भागात राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्याच्या ओव्या अकरा हजारांच्या घरात. त्याचे पहिले पुराण म्हणजे ३६ अवस्वर, अवस्वर म्हणजे अध्याय. आणि ते सगळे ख्रिस्त येण्यापूर्वीचे आहे. सृष्टीची उत्पत्ती, आदिपुरुषाचे पतन, प्रलय, मिसर देशातली गुलामी, राजे, भविष्यवादी. तारणारा जन्मतो तो दुसऱ्या पुराणात. आजचा कोणताही प्रकाशक स्टीफन्सना म्हणाला असता, की फादर, नायकाची एन्ट्री जरा अलीकडे घ्या. ज्या साष्टीच्या लोकांसाठी ते लिहिले गेले त्यांची देवळे एका पिढीपूर्वीच पाडली गेली होती, हेही वाचताना विसरता येत नाही. त्यांना आशा देणारे आणि त्यांची देवळे पाडणारे एकाच जहाजाने आलेले होते. पण लोकांनी ते पुराण आपले केले. जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज उरलेली नाही. गोव्यात आणि मंगळूरकडे पिढ्यान्‌पिढ्या ते हाताने उतरवले गेले, म्हणून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. उतरवून घेणाऱ्यांनी ते ३६ अवस्वर गाळले नाहीत.

बोनहोफरकडे परत येतो. त्याच्या अटकेच्या तीनच महिने आधी मारिया फोन वेडेमायर या अठरा वर्षांच्या मुलीशी त्याचा वाङ्‌निश्चय झाला होता. तिची भेट अधूनमधून होई, तीही पहाऱ्याखाली. १९४३ च्या डिसेंबरात ती त्याच्यासाठी नाताळचे झाड घेऊन तुरुंगात गेली. झाड इतके मोठे निघाले की ते कोठडीत मावेना. तो आणि पहारेकरी पोट धरधरून हसले. खाट बाहेर काढली आणि मी रात्रभर उभा राहिलो तर जमेल, अशा थाटाची थट्टा झाली. आणि शेवटी ते झाड पहारेकऱ्यांच्या खोलीत उभे केले गेले. मारियाने ही आठवण पुढे स्वतः सांगितली आहे. तिला आलेली त्याची पत्रे १९९२ साली पुस्तकरूपाने निघाली, तिच्या मृत्यूनंतर.

पुढच्या आगमनकाळात, १९४४ मध्ये, तो बर्लिनमध्येच गेस्टापोच्या तळघरात होता. तिथून १९ डिसेंबरच्या पत्राबरोबर त्याने तिला आणि घरच्यांना एक कविता पाठवली, ती आज जर्मनीत चर्चमधून गायली जाते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्याने ती छावणी मोकळी केली.

दार बाहेरून उघडले, पण चौदा दिवस उशिरा. इथे पुष्कळ लेखक घाई करतात. तो मेला पण त्याचे विचार अमर झाले, अशा प्रकारचे काहीतरी लिहून ते चौदा दिवस भरून काढतात. म्हणजे माझ्यासारखेच तेही मुलाला पावसात घरी आणतात. पत्रांच्या पुस्तकात ती सोय नाही. शेवटचे पत्र संपते आणि पुढची पाने कोरी आहेत. त्या कोऱ्या पानांमुळे खिळ्यावरचे कडे किंवा ते अंडे खोटे ठरते का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला. मला तसे वाटत नाही. त्या रविवारी त्याने ते कडे टांगले ते आपण सुटणार अशी खात्री होती म्हणून नव्हे; रविवार होता म्हणून टांगले. वसईच्या त्या आजींनीही तारा खोक्यात ठेवला तो तारीख पाहून.

यंदा माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. मी शेवटचे प्रकरण काढून टाकले. आता मुलगा येत नाही, आणि येणार नाही असेही कुठे म्हटलेले नाही. शेवटच्या पानावर आई रात्री त्याचे ताट वाढून झाकून ठेवते, आणि कडी न घालता दार नुसते लोटते. प्रकाशक नाराज आहेत. त्यांना ते पान देण्याआधी मी ते दोन वर्षांपूर्वीच्या त्या पत्रावरच्या पत्त्यावर धाडले, आणि इतके दिवस उत्तर दिले नाही याची क्षमा मागितली.

आठ दिवसांनी बाईंचे कार्ड आले. पान बरे वाटले असे त्यांनी लिहिले होते. फक्त ताटाचे तेवढे बदला, म्हणाल्या. सुरुवातीला महिनाभर ठेवले होते, मग सकाळी ते गाईला घालताना फार जड जाई, म्हणून सोडले. दाराला कडी तर घालतोच, चोराचिलटांचे दिवस आहेत. कणीक मात्र अजून एक मूठ जास्त भिजवली जाते.